कोऱ्या कॅसेटी

१

कॅसेट फिरत होती, पण आवाज येत नव्हता.

विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहातल्या रेकॉर्डिस्टला आधी वाटलं, यंत्राचंच काहीतरी बिघडलंय. त्याने कॅसेट काढली, फुंकर मारली, परत घातली, आवाज पार शेवटपर्यंत वाढवला. नुसती खरखर. या माणसाला गाता येत नसे, पण ऐकू मात्र सगळं येई, म्हणून अख्खं विद्यापीठ त्याला कानसेन म्हणायचं. त्याने शेजारची कॅसेट लावली. तिच्यात एक म्हातारा खोकून बोलायला लागला. तिसरी लावली, ती कोरी. चौथी बोलली. पाचवी पुन्हा कोरी.

दुसऱ्या दिवशी मागच्या मैदानावरच्या नव्या अभ्यासकेंद्राचं उद्‌घाटन होतं. केंद्र एका परदेशी सरकारच्या देणगीतून उभं राहिलं होतं. दारावरच्या पाटीत त्या सरकारचं नाव विद्यापीठाच्या नावापेक्षा ठळक होतं. त्या देशाच्या डोंगराळ भागातल्या माणसांच्या गोष्टी, गाणी, गप्पा या कॅसेटींमध्ये होत्या. समारंभाची सुरुवात त्यातल्याच एका अंगाईने व्हायची होती, आणि सगळ्यात आधी कोरी निघाली ती तीच.

केंद्राचे संचालक धावत आले. मग ताई आली. ती त्याच डोंगराळ भागातली. तरुणपणी गावोगाव पायी फिरून तिने हे आवाज टिपले होते आणि गोधडीत गुंडाळून इकडे आणले होते. पुन्हा परत जाणं तिला जमलं नाही. आता ती इथे आपली भाषा शिकवायची. वर्गात मुलं मोजकीच, पण ती तिला ताईच म्हणत.

कानसेनने टेबलावर कोऱ्या कॅसेटींचा ढीग लावला होता. ताईने ढिगाकडे पाहिलं. एकही कॅसेट हातात घेतली नाही. कुठल्या गेल्या, कुठल्या राहिल्या, काही विचारलं नाही. खुर्ची ओढून ती खाली बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"हे काम कोणाचं आहे, ते मला चांगलं ठाऊक आहे," संचालक म्हणाले. त्यांचं बोट दाराकडे होतं. दारावर कालच कोणीतरी लाल कागद चिकटवला होता: 'आमचं विद्यापीठ विकाऊ नाही.'

२

कुलगुरूंनी पोलिसांना बोलावलं नाही, जजबाईंना बोलावलं.

जजबाई निवृत्त न्यायाधीश. विद्यापीठाच्या तक्रार समितीवर त्यांचं नाव होतं, पण आजवर तिथे वसतिगृहाच्या पाण्यापलीकडे काही आलं नव्हतं. डाव्या कानाने त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे, उजव्या कानात यंत्र. कोर्टात वकील म्हणायचे, बाईंना कमी ऐकू येतं म्हणून त्या नीट ऐकतात.

"मॅडम, रंगाचं काम राहिलंय असं सांगून उद्‌घाटन आठवडाभर पुढे ढकललंय," कुलगुरू म्हणाले. ते दमलेले दिसत होते. "दारावर तो लाल कागद लावणाऱ्या मुलीला निलंबित केलंय. आदल्या दुपारी ती ध्वनिसंग्रहात होती. तुम्ही फक्त चौकशी झाली असं दाखवा, म्हणजे तिला काढून टाकता येईल."

"दाखवायला मी नाटकात काम करत नाही," जजबाई म्हणाल्या.

कुलगुरूंनी कपाळ चोळलं. "तुम्हाला वाटत असेल, मी लाचार झालोय. ग्रंथालयाचं छत गळतंय. पुस्तकांवर प्लॅस्टिक टाकून मुलं अभ्यास करतात. आपल्या सरकारकडे गेलो तर ते हात वर करतं. मग जो देतो त्याच्याकडे जायचं नाही, तर कुठे जायचं?"

"देणारा बदल्यात काय मागतो?"

"काही नाही हो. थोडी सौजन्याची अपेक्षा."

जजबाई बाहेर पडल्या तेव्हा पायऱ्यांवर एक मुलगी उभी होती. तिचा घसा बसला होता, तरी ती ओरडूनच बोलली. "मी केलेलं नाही! पण कोणी केलंय ते सांगू का?"

३

घोषणा देऊन देऊन या मुलीचं नावच भोंगा पडलं होतं. दोघी कँटीनच्या कोपऱ्यात बसल्या.

"संचालकांनी केलंय. देणगी आली आणि ताईंच्या वर्गातला नकाशा गेला, कारण त्यावर त्यांच्या डोंगराचं जुनं नाव होतं. मग दारावरची पाटी गेली. आधी 'भाषा' लिहिलं होतं, आता 'बोली'. परीक्षेतला स्थलांतराचा प्रश्न गेला. आता आवाजही गेले. सगळं एकाच हाताने."

"तू त्या दुपारी तिथे काय करत होतीस?"

मुलीने मान खाली घातली. "ऐकायला गेले होते. कानसेनकाकांनी एक कॅसेट लावून दिली. एका आजोबांची. सैनिक आले, घरं रिकामी करायला लावली, विहिरीत माती टाकली. मला शब्द कळत नव्हते, काकांना ताईंनी पूर्वी सांगितलं होतं, तेवढंच त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, उद्‌घाटनाच्या दिवशी अंगाईच्या जागी हीच लागली तर? काका म्हणाले, माझी नोकरी जाईल बाई."

"ती कॅसेट आता कोरी आहे?"

"नाही ना! तीच तर शिल्लक आहे!" भोंगा म्हणाली, आणि स्वतःच्याच वाक्यापाशी अडखळली.

जजबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

संचालक भेटले तेव्हा त्यांनी लगेच खुर्ची पुढे केली, पंखा वाढवला. ते मूळचे इतिहासाचे प्राध्यापक. कधीकाळी त्यांनीच ताईला इथे नोकरी मिळवून दिली होती, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"मी कशाला पुसेन, मॅडम? उद्‌घाटनाला येणारे त्या सरकारचे पाहुणे या कॅसेटी घेऊन जाणार होते. त्यांच्याकडे उत्तम यंत्रं आहेत, तिथे नव्या प्रती निघणार होत्या. तसं ठरलंच होतं. आता मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"ताईंना हे माहीत होतं?"

"सांगितलं होतं. थोडी कुरकुर केली तिने. मी म्हटलं, अगं, गाणी आहेत ही. गाण्यांना कोण तुरुंगात टाकतं?"

"तुम्हाला ती भाषा येते?"

"फारशी नाही. नमस्कार, पाणी, बस, इतपत."

जजबाई उठल्या. दारापाशी गेल्यावर संचालक मागून म्हणाले, "मॅडम, कानसेनला जरा नीट विचारा. नव्या केंद्रात त्याला जागा नाही, हे त्याला गेल्याच महिन्यात कळलंय."

४

कानसेन कोऱ्या कॅसेटींच्या ढिगासमोर बसला होता. मयताच्या घरी बसावं, तसा.

"नोकरी जाणार होती, हे खरं," तो म्हणाला. "पण बाई, राग आला तर मी यंत्र फोडीन. आवाज पुसणार नाही. आमच्या धंद्यात ते पाप आहे."

"पुसायला काय लागतं?"

त्याने टेबलाखालची एक लोखंडी पेटी दाखवली. आत चुंबक होता. बटण दाबून कॅसेट वरून फिरवली की झालं. खोलीचं कुलूप नावालाच होतं, जरा ढकललं की उघडायचं. म्हणजे कोणीही येऊ शकत होतं.

"कोऱ्या कॅसेटी एकाच फळीवरच्या होत्या का?"

"छे. दोन्ही कपाटांतून, इथली एक, तिथली एक. वेचून काढल्यासारख्या."

"नावं वाचून?"

कानसेनने एक कॅसेट पुढे केली. कडेवर बारीक, वळणदार अक्षरं होती. "ही ताईंची लिपी. मला जागा पाठ आहेत, पण अक्षर वाचता येत नाही. जागेवरून एवढं कळतं, ही म्हाताऱ्याची, ती अंगाई, बास. बाकीच्या कोणाच्या, कशाच्या, ते ताईच जाणे."

"दुसऱ्या प्रती?"

"एकही नाही. ताई करू देत नसे. म्हणायची, एक आहे तेवढी पुरे." तो थोडा थांबला. "अंगाईची तेवढी एकदा जागेवर नव्हती. हिवाळ्याच्या आधीची गोष्ट. मला वाटलं, ताईने घरी नेली असेल. दुसऱ्या दिवशी होती, पण उलटी ठेवलेली. फार गोड होती हो ती. बाई गात असते आणि मध्येच कोंबडा आरवतो. बाई हसते आणि पुढे गाते. संचालक म्हणाले, समारंभात कोंबडा बरा दिसणार नाही, तेवढा काढून टाक. मी म्हटलं, काढायचा तर अख्खी बाईच काढा."

त्याने ती कोरी कॅसेट उचलली, कानाला लावली, आणि ओशाळून खाली ठेवली.

५

देणगी देणाऱ्या देशाच्या दूतावासातले सांस्कृतिक सचिव स्वतःहून भेटायला आले. मऊ बोलणारे, नीटनेटके, वयाने लहानच.

"आमच्यावर संशय घेतला जातोय, असं ऐकतो," ते म्हणाले. "पण विचार करा, पुसायचंच असतं तर आम्ही घेऊन जायला कशाला निघालो असतो?"

हा मुद्दा बरोबर होता. जजबाईंनी मान हलवली. "तुम्ही ध्वनिसंग्रहात कधी आला होतात?"

"कधीच नाही. योगच आला नाही. समारंभानंतर येणार होतो."

"त्या लोकांची भाषा तुम्हाला येते?"

"आमच्याकडे तिला बोली म्हणतात," ते हसून म्हणाले. "थोडी समजते. पण संगीताला भाषा कशाला लागते? त्या अंगाईत मध्येच कोंबडा आरवतो, आणि ती बाई हसते. किती खरं वाटतं ते! त्या बाईंचं फार वाईट झालं. आमच्या राजदूतांनाही हळहळ वाटली."

जजबाईंनी कानातलं यंत्र जरा नीट बसवलं. "हो, वाईटच झालं," त्या म्हणाल्या.

सचिव गेल्यावर त्या खिडकीपाशी आल्या. खाली नव्या केंद्राच्या पाटीवर कामगार पितळ घासत होते. जो माणूस संग्रहात कधी आला नाही, त्याने तो कोंबडा ऐकला कुठे?

पण त्याहून एक वेगळीच गोष्ट त्यांना टोचत होती. वाईट झालं, ते कॅसेटचं की बाईचं?

६

दुसऱ्या दिवशी जजबाईंनी ताईला ध्वनिसंग्रहात बोलावलं. कानसेनला बाहेर बसायला सांगितलं. शिल्लक कॅसेटी एका बाजूला होत्या, कोऱ्या दुसऱ्या.

"मला तुमची भाषा येत नाही," जजबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगत जा, मी ऐकते."

पहिली शिल्लक कॅसेट लागली. म्हातारा खोकला, काही शब्द सावकाश बोलला, मग पुढे सुरू झाला.

"सुरुवातीला काय म्हणाले?"

"नाव. गाव. कोणाचा मुलगा. मीच तसं सांगायला लावायचे सगळ्यांना. अभ्यासाची शिस्त म्हणून." ताईने ओठ पुसले. "हे आजोबा फार कडक होते. सैनिकांची गोष्ट सांगताना रडायचे नाहीत. विहिरीपाशी आले की मात्र थांबायचे."

दुसरी लागली. एक बाई मोठ्याने भांडल्यासारखं बोलत होती.

"ही माझ्या वडिलांची आत्या. हिच्यासमोर बोलायची कोणाची टाप नव्हती. मोर्चात पुढे असायची."

तिसरी, चौथी. एकीत गावाच्या शिक्षकाला धरून नेल्याची हकीकत होती, एकीत तुरुंगातलं गाणं. मग जजबाईंनी कोऱ्या ढिगातली एक कॅसेट उचलली.

"आणि हिच्यात?"

ताईने कडेचं अक्षर वाचलं. तिचा चेहरा जरा उजळला. "एक बाई दोर वळते आणि बोलते. फार बोलते. नवऱ्याला अशा शिव्या घालते की हसून पोट दुखतं."

"ही?"

"दोघी बहिणी आहेत. एकीला गोष्ट येते, दुसरी ती चुकीची आहे म्हणून भांडते."

"ही?"

"हा गुराखी आहे. शेळ्यांना हाका मारतो. प्रत्येकीला वेगळं नाव आहे."

"आणि अंगाई?"

"आई गाते," ताई म्हणाली. मग घाईने म्हणाली, "माझी आई."

 जजबाईंनी कॅसेटचं यंत्र बंद केलं.

"सगळे मला विचारत होते, पुसल्या कोणी," त्या हळू म्हणाल्या. "मी विचार करत होते, वेचल्या कशा. परदेशी सरकारने पुसल्या असत्या, तर सैनिकांची आणि तुरुंगाची कॅसेट आधी गेली असती. ती तर शिल्लक आहे. त्या मुलीला तीच वाजवायची होती, तिने बाकीच्यांना हात कशाला लावावा? कानसेनला अक्षर वाचता येत नाही. संचालकांनाही नाही. गेल्या त्या कोणाच्या? दोर वळणारीच्या, भांडकुदळ बहिणींच्या, गुराख्याच्या. कोणाच्या अध्यात ना मध्यात अशा लोकांच्या."

ताईने डोळे मिटून घेतले.

"राहिलेल्यांबद्दल तुम्ही होते, असायची, थांबायचे असं बोललात. पुसलेल्यांबद्दल बोलताना एकदाही नाही. ती वळते. तो हाका मारतो. आई गाते." जजबाईंचा आवाज खाली आला. "जे गेले त्यांच्या कॅसेटी राहिल्या. जे जिवंत आहेत त्यांच्या गेल्या. कोण जिवंत आहे, हे इथे एकाच माणसाला ठाऊक होतं."

७

ताई रडली नाही. बऱ्याच दिवसांचं ओझं खाली ठेवावं, तशी ती बोलू लागली.

"पाहुणे घेऊन जाणार, असं कळलं. प्रत्येक कॅसेटच्या तोंडाशी नाव, गाव, कोणाची लेक, कोणाचा भाऊ. मीच बोलायला लावलेलं. ती भाषा चार लोकांत बोलायला तिथे बंदी आहे. कॅसेटवर बोलून परदेशी जाऊ दिली, एवढा गुन्हा पुरतो."

"कुलगुरूंकडे गेला होतात?"

"गेले होते. म्हणाले, उद्‌घाटन पार पडू दे, मग बघू. मग काय बघायचं राहिलं असतं?"

"लपवून का नाही ठेवल्यात?"

"लपवलेली वस्तू लोक शोधत राहतात. माझ्या घरी आले असते, माझ्या मुलांना, म्हणजे विद्यार्थ्यांना, विचारलं असतं. मला विचारलं असतं. मी काही फार शूर नाही. पुसलेलं कोणी शोधत नाही." ती थांबली. "त्या मुलीवर येईल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. ते मी उद्याच सांगणार होते. खरंच सांगणार होते."

"आईची पुसताना?"

"ती सगळ्यात शेवटी पुसली. आधी एकदा ऐकली. पूर्ण." ताईने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "पण आई आहे. पूर्वी पत्रांतून कोण गेलं ते कळायचं, आता पत्रं पोहोचत नाहीत, फोन लागत नाही, पण आहे ती. म्हटलं, आवाज गेला तरी चालेल, माणूस राहू दे."

जजबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच त्या तिला तू म्हणाल्या. "तू घरी जा. कोणाशी काही बोलू नकोस. मला एक फोन करायचाय."

सचिवांनी फोन लगेच उचलला. जजबाईंनी आडवळण घेतलंच नाही. अंगाई गाणाऱ्या बाईंचं काय झालं, एवढंच विचारलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" ते खरोखरच चकित झाल्यासारखे वाटले. "गेल्या ना त्या, हिवाळ्यात. वय झालं होतं. आमचे काही लोक त्यांच्याशी बोलायला गेले होते, थोडी विचारपूस करायला. त्यानंतर लवकरच गेल्या. आम्हाला वाटलं, त्यांच्या मुलीला कळवलं असेल कोणीतरी."

८

कुलगुरूंच्या खोलीत तिघंच होते. जजबाईंनी दार आतून लावून घेतलं.

"अंगाईची कॅसेट हिवाळ्याआधी एक दिवस जागेवर नव्हती," त्या संचालकांना म्हणाल्या. "ती तुम्ही नेली होतीत."

"नमुना हवा होता त्यांना," संचालक म्हणाले. "देणगी पक्की व्हायची होती. मी समोर बसूनच होतो, त्यांनी तिथेच प्रत काढली, मी कॅसेट परत आणली. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"मग लपवलंत का?"

संचालकांनी पाण्याचा ग्लास पुढे ओढला.

"अंगाईच्या आधी ती बाई काय बोलते, तुम्हाला माहीत होतं?"

"काहीतरी पुटपुटते."

"नाव सांगते. गाव सांगते. मुलीचं नाव सांगते. तुम्ही नमुना दिलात आणि त्यांची माणसं तिच्या दारात गेली. ती बाई मेली. तुम्ही नोकरी मिळवून दिलेल्या मुलीची आई."

संचालकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हा माणूस दुष्ट नव्हता, हेच जजबाईंना जड जात होतं. दुष्ट असता तर काम सोपं झालं असतं.

"मला वाटलं, अंगाई आहे," तो म्हणाला. पुन्हा तेच म्हणाला. "मला वाटलं, नुसती अंगाई आहे."

कुलगुरूंनी विचारलं, "पण मॅडम, बाकीच्या पुसल्या कोणी?"

"कोणीतरी तुमच्याकडे मदत मागायला आलं होतं. तुम्ही म्हणालात, उद्‌घाटनानंतर बघू."

कुलगुरूंनी वर पाहिलं आणि सगळं समजून नजर खाली वळवली.

"माझ्या अहवालात ते नाव नसेल," जजबाई म्हणाल्या. "ते नाव लिहिलं, तर कॅसेटी का वेचल्या हे लिहावं लागेल, आणि कोण कोण जिवंत आहे हे पलीकडे आपोआप कळेल. संग्रहातून एका बाईचा आवाज तिच्या परवानगीशिवाय बाहेर दिला गेला, एवढं मी लिहिणार. आणि तो कोणी दिला, हेही."

"हे बाहेर पडलं तर केंद्र बंद पडेल."

"पडेल. म्हणून तुम्ही मला काहीतरी देऊ करणार आहात. बोला."

सौदा तसा लहानच झाला. भोंग्याचं निलंबन मागे. कानसेनची नोकरी कायम. उरलेल्या कॅसेटींपैकी एकही कोणाला द्यायची नाही, मेलेल्यांची असली तरी. बदल्यात अहवाल कुलगुरूंच्या कपाटात राहणार. जजबाईंनी आयुष्यभर भरल्या कोर्टात निकाल वाचून दाखवले होते. हा पहिलाच निकाल त्यांनी गिळला. 

आता ताईला सांगायचं राहिलं होतं.

९

ताई रिकाम्या वर्गात फळा पुसत होती. जजबाईंनी तिला बाकावर बसवलं आणि जसं होतं तसं सांगितलं. मलमपट्टी करण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

ताई सगळं ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, "हिवाळ्यात?"

"हो."

"म्हणजे मी पुसली तेव्हा..."

"हो गं."

"मग ती ठेवता आली असती," ताई म्हणाली, आणि तिथे तिचा बांध फुटला. जजबाई तिला धरून बसल्या. बाहेर मुलं वर्ग भरायची वाट पाहत उभी होती. कोणीतरी आत डोकावलं आणि बाकीच्यांना घेऊन निघून गेलं.

उद्‌घाटन थाटात झालं. अंगाईच्या जागी वाद्यवृंद होता. संचालकांनी भाषण लिहून आणलं होतं, पण ते मध्येच वाचायचे थांबले, पाणी प्यायले आणि उरलेलं न वाचताच खाली बसले. लोकांना वाटलं, तब्येत बरी नसेल. ग्रंथालयाच्या छताचं काम त्याच आठवड्यात सुरू झालं.

सचिवांचा फोन पुन्हा आला, या वेळी ताईला. त्यांनी शोक व्यक्त केला. अंगाईची एक प्रत दूतावासात आहे, म्हणाले. ताईंनी कधीही यावं, बसून ऐकावं, हवी तर घेऊनही जावी. फक्त त्या गावच्या इतर लोकांविषयी थोड्या गप्पा झाल्या तर आनंद वाटेल.

ताई जजबाईंकडे गेली. "तुम्ही याल माझ्याबरोबर?"

दोघी बसने गेल्या. दूतावासाच्या समोरच्या थांब्यावर उतरल्या. रस्त्यापलीकडे उंच भिंत, पांढरं फाटक, पहारेकरी. ताई थांब्याच्या बाकावर बसली. मग उठली. रस्ता मोकळा झाला, गाड्या आल्या, पुन्हा मोकळा झाला.

"आत गेले तर ऐकेन," ती म्हणाली. "ऐकलं की रडेन. आणि रडताना कोणी गोड बोलून विचारलं, तर मी काय काय सांगेन, याचा माझा मलाच भरवसा नाही."

जजबाईंनी जा म्हटलं नाही, नको जाऊ असंही म्हटलं नाही. दोघी बसून राहिल्या. पहारेकरी बदलला. उन्हं भिंतीवरून खाली सरकली.

"चाल आठवते का तुला?" शेवटी जजबाईंनी विचारलं.

"चाल आठवते. शब्दही सगळे येतात." ताई फाटकाकडे पाहत होती. "आवाज नाही आठवत. कॅसेट होती ना, म्हणून लक्षात ठेवायची वेळच आली नाही कधी."

परतीची बस आली. जजबाईंनी हात केला, बस थांबली. आधी ताई चढली, मागून त्या. ताई खिडकीच्या जागेवर बसली आणि तिने काच लावून घेतली.